पणजोबा नावाची फाइल

सयाजीने पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर लाल चौकट उघडली. एक धोका सापडला आहे. खाली धोक्याचं नाव होतं, पणजोबा.

"हे काय?" दीक्षाने विचारलं.

"अँटीव्हायरस हाय. थांबा जरा, तपासतंय."

दसरा चौकामागच्या गल्लीतलं सयाजीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान गेला महिनाभर असंच थांबत थांबत चाललं होतं. मागे कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि मशीनमधलं होतं नव्हतं ते खाऊन गेला. म्हणून त्याने हा अँटीव्हायरस बसवून घेतला. तेव्हापासून साधा फॉर्म उघडायचा तरी मध्ये चहा पिऊन यावं लागायचं. व्हायरसने एकदाच छळलं होतं. हा राखणदार रोज छळत होता.

चौकट मिटली. सयाजीने पेन ड्राइव्ह उघडला. आत काहीच नव्हतं.

दीक्षाचा चेहरा उतरला. जात पडताळणीच्या अर्जाला पन्नास सालाआधीचा एक पुरावा जोडायचा राहिला होता आणि आज पाच वाजता मुदत संपत होती. तो जोडला नाही तर मिळालेली इंजिनिअरिंगची जागा जाणार होती. शाहूवाडीकडच्या एका शाळेत, एकोणीसशे एकतीसच्या रजिस्टरात तिच्या पणजोबांचं नाव सापडलं होतं. त्यासाठी तिचे आजोबा गणपती चार महिने हेलपाटे घालत होते. मुख्याध्यापकांनी फोनवर फोटो काढू दिला नाही. शाळेच्याच कॉम्प्युटरवर ते पान स्कॅन करून पेन ड्राइव्हवर दिलं. तो कॉम्प्युटर कसले कसले आजार अंगावर बाळगून होता, कोण जाणे.

"गेली कुटं मग?" गणपती बाकावरून म्हणाले.

"गेली न्हाय, आजोबा. त्या फायलीला शाळंतला व्हायरस चिकटलेला दिसतोय. म्हणून ह्यानं ती क्वारंटाइन केलीय."

"म्हंजी?"

"म्हंजी, वेगळी ठेवलीय. बाकीच्या फायलींना शिवू ने म्हणून."

बोलून गेल्यावर सयाजी एकदम कीबोर्डकडे बघायला लागला. गणपतींनी नुसती मान हलवली. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नसावं.

"मग बाहेर काढा की," दीक्षा म्हणाली.

सयाजीने बटण दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला. तो सयाजीला ठाऊक नव्हता. कुणी चुकून अँटीव्हायरस बंद करू नये म्हणून बसवणाऱ्यानेच तो घातला होता आणि स्वतःपाशी ठेवला होता. त्याचा फोन लागायला चार वाजून गेले. तो आजऱ्याला एका काजूच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करत होता.

"पासवर्ड फोनवर सांगत न्हाय आम्ही," तो म्हणाला. "सिक्युरिटीचा प्रश्न असतोय. सोमवारी येतो की."

"मशीन माझं आणि पासवर्ड तुझा? अरं, एका पोरीची ॲडमिशन हाय."

"म्हणून तर सांगतोय. व्हायरसवाली फाइल उघडू नका. उद्या मलाच शिव्या घालशीला."

त्याने फोन ठेवला. सयाजीने दात-ओठ खाल्ले, पण ते फोनला दिसत नाहीत.

दीक्षा बाहेर पायरीवर उभी राहून मुख्याध्यापकांना फोन लावत होती. शनिवारची सकाळची शाळा केव्हाच सुटली होती. मुख्याध्यापक त्यांच्या गावी गेले असणार आणि त्या डोंगरात रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत राहिली.

सयाजीने सुचतील ते पासवर्ड घालून बघितले. दुकानाचं नाव, फोन नंबर, सरळ आकडे, उलटे आकडे. शेवटी वैतागून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चालू होताच अँटीव्हायरसने सगळं मशीन पहिल्यापासून तपासायला घेतलं. दीक्षा आत येऊन पडद्यावरचा आकडा सरकताना बघत बसली. चार टक्के. नऊ टक्के. भिंतीवरचं घड्याळ त्याच्यापेक्षा भरभर चाललं होतं.

अर्जाचं पान उघडलं तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. त्यावर एकच ओळ होती, मुदत संपली आहे. तेवढ्यात कोपऱ्यात एक हिरवी चौकट आली.

"काय म्हणतंय?" गणपतींनी विचारलं.

दीक्षाने वाचून दाखवलं. "धोका दूर केला आहे. तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे."

सयाजीने पेन ड्राइव्ह काढून दोन्ही हातांनी पुढे केला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याचा कुणालाही उपयोग नव्हता.

"चुकलं माझं, आजोबा. हे आजच्या आज काढूनच टाकतो."

"काढायला पण पासवर्ड लागंल," दीक्षा म्हणाली. तिने बॅगेची चेन ओढली.

गणपती गुडघ्यांवर हात टेकून उठले. पेन ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी पिशवीची घडी घातली आणि ती आतल्या खिशात ठेवली. पडद्यावरची हिरवी चौकट अजून गेली नव्हती. तिच्याकडे बघत ते सयाजीला म्हणाले,

"माझ्या बाला शाळंत बी वेगळंच ठेवलं व्हतं, पावणं. भाईर वट्यावर बसवायचे. पर मास्तरानं रजिस्टरात नाव ठेवलं व्हतं त्याचं."