उजवं दार

"एकशे सत्तावन्न पूर्णांक नऊ," पंचानं आकडा वाचला आणि वेंडेलला वाटलं, यंत्रच बिघडलं असणार.

यंत्र ठणठणीत होतं. गेल्या वर्षी पाइन ब्लफच्या याच मैदानात, कुणाच्या गाडीतले स्पीकर सगळ्यात जोरात वाजतात या स्पर्धेत, याच जांभळ्या व्हॅननं एकशे अठ्ठावन्न पूर्णांक सहा डेसिबल मारले होते आणि करंडक नेला होता. यंदा तर वेंडेलनं काही बाकी ठेवलं नव्हतं. मागची सीट उपटून बासच्या स्पीकरचा खोका नव्यानं बांधला, अंगठ्याएवढ्या जाड तारा ओढल्या, चौथी बॅटरी बसवली. एवढं करून आवाज चढायचा सोडून उतरला. आता एकच फेरी उरली होती.

घोडं कुठं पेंड खातंय ते त्याला ठाऊक होतं. फक्त कबूल करायचं जिवावर आलं होतं.

बास सुटला की गाडीचा पत्रा फुगतो, दारं बाहेर रेटली जातात आणि आवाजाचा जोर तिथंच वाया जातो. म्हणून दार जिथं सगळ्यात जास्त थरथरतं, नेमकं तिथं कुणीतरी बाहेरून दाबून धरायचं असतं. अकरा वर्षं उजवं दार वेंडेलच्या धाकट्या भावानं, लूशियसनं धरलं होतं. आज तिथं वेल्डिंगच्या कामावरचा बूकर होता, अंगानं चांगला आडदांड. पहिल्या फेरीआधी त्यानं साधा प्रश्न विचारला होता, नेमकं कुठं दाबू? वेंडेलला सांगता आलं नाही. तो नेहमी पलीकडच्या बाजूला रिमोट घेऊन उभा असायचा.

लूशियस मैदानातच होता. बर्फाच्या पेटीवर बसून कॅटफिशचं सँडविच खात होता. गेल्या वर्षी करंडक देताना निवेदकानं विचारलं होतं, गाडी कुणी कुणी मिळून बनवली? आणि वेंडेल माइकमध्ये म्हणाला होता, "मी एकट्यानं." लूशियस तेव्हा चार पावलांवर उभा होता, लाल झालेले तळहात चोळत. ते दोन शब्द वर्षभर वेंडेलला खात होते, पण माफी मागायला जीभ उचलली नव्हती.

आजही उचलली नाही. भावापुढं जाऊन तो एवढंच म्हणाला, की एका फेरीपुरता ये.  लूशियसनं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं, हात पँटला पुसले आणि तो मागोमाग आला.

दारापाशी येऊन त्यानं दोन्ही हात उचलले आणि ते तसेच राहिले. नव्या रंगात त्याचा चेहरा लख्ख दिसत होता.

"रंग कधी दिलास?"

"मार्चमध्ये," वेंडेल म्हणाला. "दोन पांढुरके डाग पडले होते तिथं. तुझ्या हातांचे. वाईट दिसत होते."

लूशियसनं हात खाली घेतले.

"तीच जागा होती, वेंडेल."

"मग शोध की परत. तुला काय अवघड आहे?"

"मला अकरा वर्षं लागली. तू बघ, एकट्यानं जमतं का."

तो चिडला असता तर वेंडेलला बरं वाटलं असतं. तो शांतपणे बोलला आणि आला तसा परत गेला, पेटीवर बसून त्यानं कागद उलगडला.

पंचानं नाव पुकारलं. वेंडेलनं रिमोट बूकरच्या हातात दिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतः उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. बास सुटला. छातीत धडका बसू लागल्या. तो दोन्ही तळहात त्या गुळगुळीत रंगावरून फिरवत राहिला, वर, खाली, कडीजवळ, बिजागरीजवळ.

सगळंच दार थरथरत होतं.