दोन टक म्हणजे या

लुआंग्वाच्या जंगलात पायी फिरताना कुणी ओरडत नाही. बंदूकवाला पुढे चालतो आणि बंदुकीच्या दस्त्यावर बोटाने वाजवतो. एक टक म्हणजे थांबा, दोन म्हणजे या.

माझा नवरा लॅक्सन अंगठीच्या बोटाने वाजवायचा, त्यामुळे त्याची टकटक खणखणीत यायची. मी त्याच्यामागून पाहुण्यांना घेऊन चालायचे. “माझं एवढं एकच ऐकतेस,” असं म्हणून तो चिडवायचा.

गेल्या हंगामात कोरड्या नदीच्या वळणावर त्याने एकदा वाजवलं आणि मी थांबले. पुढे पिल्लू बरोबर असलेली हत्तीण होती. अंगठी बोटात तशीच ठेवून आम्ही त्याला पुरलं.

आज त्याच वळणावर नवा बंदूकवाला येसाया माझ्यापुढे होता. पुढून, उंच गवताच्या बाजूने, दोन खणखणीत टक आल्या.

“इथे नको ना वाजवूस.”

“वहिनी, मी कुठे वाजवतोय?” बंदूक त्याच्या खांद्याला होती. त्याने मोकळे हात दाखवले. “चला, मागे फिरू. आत्ताच.”

“पण दोन म्हणजे या ना? सकाळी तुम्हीच शिकवलंत,” असं म्हणत एक म्हातारे पाहुणे पुढे निघालेसुद्धा.

गवतातून पुन्हा दोन टक आल्या. या वेळी अगदी हळू, उशीर झाला की लॅक्सन घराच्या दारावर वाजवायचा तशा.

मी माझ्या काठीवर एकदाच वाजवलं. पाहुणे थांबले, येसाया थांबला. माझे पाय थांबले नाहीत.