उजवा पाय

भागीरथीच्या दोन्ही बकऱ्या गोठ्यात मरून पडल्या होत्या आणि दारातल्या चिखलात हातभर लांब पावलांचे ठसे होते, सगळे उजव्याच पायाचे. शेजाऱ्यांना अंगभर केसांचं काहीतरी पळताना दिसलं म्हणे. तिच्या मुलाने, हितेंद्रने, तिला मुंबईत लालबागला आणलं आणि गावचं घर विकायला काढलं.

पाद्यपूजनाला तो तिला गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेला, तिथेच तो कामाला होता. मूर्तीच्या पायाला कुंकू लावताना तिला कोपऱ्यात प्लास्टरचा एक जुना पाय दिसला. उजवा होता, आणि तळव्याला गावची लाल माती सुकली होती.

खोलीवर येताच ती म्हणाली, "मला गावी सोड."

"वेडी की काय तू, आये? ते जनावर अजून मोकळं फिरतंय."

"आज बघितलं मी."

कामावर जाताना हितेंद्रने नेहमीसारखी बाहेरून कडी घातली.