चर्चची पातेली

"रविवारी उपासनेला किती माणसं येतात?" तालुक्याहून आलेल्या पाळकसाहेबांनी विचारलं. गावातलं हे लहानसं चर्च बंद करायचं की ठेवायचं, ते आज त्यांच्या हातात होतं.

"येतात दहा-बारा, आम्ही म्हातारी धरून," मंडळीतले थोरले याकोबआजा ओशाळून म्हणाले.

साहेबांनी मागची खोली उघडली. ती रिकामी होती. "स्वयंपाकाची मोठी पातेली होती ना इथं?"

"पाटलांकडं लग्नाला गेलीत. त्याआधी वाण्याकडं तेराव्याला होती. इथं राहतात कुठं ती?"

"म्हणजे माणसंही नाहीत आणि भांडीही नाहीत!" साहेब हसले.

आजांना त्याच पाटलांचा आड आठवला. लहानपणी ते तिथं ओंजळ धरून बसायचे आणि पाटलीणबाई उंचावरून पाणी सोडायच्या, कळशीला विटाळ होऊ नये म्हणून. पुढं चर्चनं पहिलं पातेलं घेतलं, तेव्हा ख्रिस्ती वस्तीबाहेर कुणी त्याला शिवलंसुद्धा नव्हतं.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. पाटलांच्या सुनेनं गड्याच्या मदतीनं पातेलं आत आणलं. "आजा, रिकामं कसं परत करायचं? तळाशी बुंदी ठेवलीय. हात करा पुढं."

आजांनी जुन्या सवयीनं ओंजळ धरली. सुनेनं एका हातानं ती खालून सावरली आणि दुसऱ्या हातानं काठोकाठ भरली.

साहेबांनी पातेल्यातली चिमूटभर बुंदी तोंडात टाकली. मग म्हणाले, "राहू द्या चर्च. आणि जानेवारीत माझ्या मुलीचं लग्न आहे, पातेली राखून ठेवा."

"राखून कशी ठेवू, साहेब? नंबर लावावा लागेल."