बाटलीवरचं फडकं

शेळ्यांचं दूध डेअरीला जायचं आणि करडांच्या वाट्याला यायची कोमट पाण्यात कालवलेली सोयाबीनची पावडर. पहिल्या दिवशी एकही करडू तिला तोंड लावायचं नाही. पण पाजणाऱ्या गड्याकडे जालीम उपाय होता. शेळीच्या अंगावरून घासलेलं फडकं तो बाटलीला गुंडाळायचा, आणि आईचा वास आला की करडू डोळे मिटून, शेपूट हलवत घटाघटा प्यायचं. करडांना असं मामा बनवतो म्हणून सगळे त्याला मामाच म्हणायचे.

मामाची बायको बाळंतपणात गेली. दुसरा दिवस उजाडला तरी लेक बाटली घेईना, रडून रडून तिचा आवाज बसला. चमच्याने कसेबसे चार थेंब जात होते. तेव्हा मामाला फडकं आठवलं. तो धावतच आतल्या खोलीत गेला. खुंटी रिकामी होती. पलंगावर उशी होती, पण तिला अभ्रा नव्हता.

"आई, तिचा रोजचा गाऊन कुठाय?"

 

"तुला बघवणार नाही म्हणून सकाळीच तिचं सगळं धुऊन वाळत घातलं रे, बाळा."