चिमीचं झाड

कुंडी जागची हलेना. दादाने कंबर कसून दोनदा जोर लावला, टेम्पोवाल्यानेही हात दिला, पण कुंडी आपली ढिम्म.

"काय भरलंयस काय हिच्यात, चिमे? दगड?" दादा धापा टाकत म्हणाला.

चिमी पायरीवर उभी होती. पन्नाशीला टेकली तरी घरात ती चिमीच. तिची ट्रंक, गादी आणि शेगडी केव्हाच टेम्पोत चढली होती. आई गेली, घर दादाच्या नावावर झालं, आता त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली कमी पडायला लागली. दादाने तिच्यासाठी भाड्याची खोली बघून ठेवली, तीही परस्पर. "तुम्हालाही मोकळं मोकळं वाटेल," वहिनी म्हणाली. मोकळं म्हणे!

दादा आणि चिमी लहान असताना दोघांसाठी दोन रोपं एकाच दिवशी आली होती, सारख्याच काळ्या पिशव्यांतून. बाबांनी दादाच्या रोपाची पिशवी फाडली, अंगणात खड्डा खणून ते लावलं. चिमीचं मात्र कुंडीत. "पोरगी उद्या सासरी जाईल, झाड सोबत नेता आलं पाहिजे." येणाऱ्याजाणाऱ्याला किती कौतुकाने सांगायचे! सासर काही नशिबी आलं नाही. आलं ते आधी बाबांचं आजारपण, मग आईचं. दादा तेव्हा नोकरीच्या गावी. दोन्ही झाडांना पाणी चिमीनेच घातलं. दादाचं गच्चीला लागलं. आणि तिचं, एवढ्याशा कुंडीत राहून, तिच्या डोक्याच्या वर गेलं. कसं, ते तिलाही कोडंच होतं.

दादाने कुंडी जरा तिरकी केली आणि वाकून पाहिलं. तळाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ निघून थेट जमिनीत शिरलं होतं.

"अरेच्चा! गुपचूप घुसलं की हे आत. कुणाला पत्ताच नाही!" तो हसला.

चिमी पायरी उतरून खाली आली. आता तरी हा म्हणेल, राहू दे. झाड राहू दे, आणि... पुढचं मनात आणायचीसुद्धा तिला लाज वाटली.

"कुंडी फोड, दादा," ती कशीबशी म्हणाली. "झाड इथेच राहू दे. मूळ धरलंय रे त्याने."

"वेडी की काय तू? बाबांनी हौसेने आणलेली कुंडी फोडू?" दादाला खरंच लागलं होतं. "त्यांची आठवण आहे ती!"

तो आत गेला आणि करवत घेऊन आला.

वेळ लागला नाही. दोघांनी मिळून कुंडी उचलली, खाली पोतं अंथरून टेम्पोत अलगद ठेवली. चिमी पुढे बसली. मागे पान् पान हलत होतं. दादाने हात झटकले आणि खिडकीशी येऊन मायेने म्हणाला,

"जपून ने हं, चिमे. कुंडीला तडा जायला नको."