एका थानाचे पाच तुकडे

“गुरुजी, तुमी काहून तकलीफ घेतली? मीच येणार होते माफी मागायला.” रहिमाबींनी मशीनवरचं अर्धं शिवलेलं ब्लाऊज बाजूला सारलं आणि खुर्ची पुढं केली.

बंडोपंत खुर्चीच्या कडेवर टेकले. माफी मागायला तर तेच घरून निघाले होते. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारातून इथवर येईस्तोवर त्यांनी ते वाक्य तीनदा जुळवलं होतं. 

“दोन लगावल्या मी आमच्या समरीनला,” रहिमाबी सांगू लागल्या. “मोबाइल पेटीत घालून कुलूप लावलं. म्हटलं, गुरुजी गावच्या लेकरांना फुकट शिकवून राहिले, अन् तू त्यांच्यासमोर मनानं आकडे बनवते? आमच्या घरात इंचाचं माप कुणी चोरलं न्हाई आजवर.”

आतल्या दाराला पडदा होता. पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. ती हलत नव्हती.

गोष्ट मागच्या रविवारची. दर रविवारी बंडोपंतांच्या ओसरीवर गणिताचा वर्ग भरतो. पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरचा दर शुक्रवारचा भाव ते गेली नऊ वर्षं पेपरातून वहीत उतरवत आले आहेत. शेअर त्यांच्याकडे एकही नाही. हौस आहे ती आकड्यांची. त्या वहीत एका शुक्रवारी भाव बाराशे चाळीस होता आणि पुढच्याच शुक्रवारी दोनशे एक्कावन्न. आलेखावर तिथं सरळ कडा तुटलेला दिसे. तो दाखवून ते लेकरांना म्हणत, “बघा रे, वर गेलेलं असं एका आठवड्यात खाली येतं.” आठवीतल्या समरीननं आईच्या मोबाइलवर त्याच कंपनीचे जुने भाव शोधून आलेख काढून आणला, तर तिच्या कागदावर कडाच नव्हता. रेघ आपली बांधावरून चालल्यासारखी शांत गेलेली. बंडोपंतांनी सगळ्यांसमोर त्या कागदावर लाल फुली मारली. “खोटं बोलायलाबी अक्कल लागते, पोरी,” ते म्हणाले. पोरं हसली. तेही हसले.

बुधवारी त्याच कागदावर शेरा लिहायला ते बसले आणि त्यांचा पेन थांबला. कड्याच्या आधीचा तिचा प्रत्येक आकडा त्यांच्या आकड्याचा पाचवा भाग होता. एक नाही, दोन नाही, झाडून सगळे. खोटं बोलणारं लेकरू इतकं बरोबर खोटं बोलत नसतं. त्यांनी हिंगोलीला बँकेत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, “भाव पडलाच न्हाई, गुरुजी. कंपनीनं एका शेअरचे पाच केले.”

तो बुधवार. आज शनिवार. मधले दिवस त्यांनी दुखऱ्या गुडघ्याच्या नावावर ढकलले होते.

“रहिमाबी,” ते भिंतीशी उभ्या कापडाच्या ताग्याकडं बोट दाखवत म्हणाले, “हे कापडाचं थान बाराशे चाळीसचं आहे असं धरा. तुमी त्याचे पाच सारखे तुकडे केले. एक तुकडा कितीला द्याल?”

रहिमाबींनी बोटांवर मोजलंसुद्धा नाही. “दोनशे अठ्ठेचाळीसला.”

“काल थान बाराशे चाळीसला होतं, आज तुकडा दोनशे अठ्ठेचाळीसला. मग कापड स्वस्त झालं का?”

“काहून होईल? थान तेवढंच हाय की. तुकड्याची थानाशी बरोबरी कोण करतं, गुरुजी? एवढं तर बाजारात उभ्या बाईलाबी समजतं.”

“मला समजलं न्हाई,” बंडोपंत म्हणाले. “मी आधी थानाचा भाव लिहीत गेलो, नंतर तुकड्याचा, अन् मधे कडा पडला म्हणून लेकरांना शिकवत बसलो. मोबाइलमधे जुने भावसुद्धा आजच्या तुकड्याच्या मापानं लिहून ठेवलेले असतात. ते समरीननं बघितले, तसेच उतरवले. तिचा एकही आकडा खोटा नव्हता.”

रहिमाबी उठल्या, पेटीचं कुलूप काढलं आणि मोबाइल खिडकीत ठेवला. मग आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या. “मग मी मारलं कशापायी?” त्या पुटपुटल्या.

“ते मारणंही माझ्याच माथी,” बंडोपंत म्हणाले. “समरीन, बाहेर ये गं बेटा.”

ती आली. दुपट्ट्याचं टोक मुठीत होतं. बंडोपंत खुर्चीवरून उठून उभे राहिले. आयुष्यात कुठल्याही लेकरासमोर ते असे उभे राहिले नव्हते.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार हाय. येशील ना?”

“व्हय,” ती म्हणाली. लगेच म्हणाली. ना राग, ना प्रश्न; ते लगेच म्हणणंच त्यांना टोचलं.

काहीतरी आधीसारखं व्हावं म्हणून त्यांनी नेहमीचा आवाज काढला. या पोरीचा हात प्रश्न संपायच्या आत वर जायचा, शेजारची पोरं “हिला गप करा, गुरुजी” म्हणून ओरडायची. “बरं, आपल्या कंपनीचा कालचा भाव किती हाय? बघ बरं पटकन.”

समरीननं खिडकीतला मोबाइल घेतला. बोटं सराईतपणे फिरली. तिला आकडा सापडला, हे बंडोपंतांना तिच्या डोळ्यांत दिसलं. ती बोलणार, एवढ्यात थांबली. अंगठ्यानं तिनं मोबाइलचा पडदा झाकला.

“तुमी किती लिहिलाय, गुरुजी?” तिनं विचारलं.